दोनशे रुपये आणि तुऱ्हाटीची काडी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. पाच एकर कोरडवाहू शेती, त्यात कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. मुलगा अकरा वर्षांचा, पाचवीत. फवारणीच्या औषधासाठी खुंटीवरच्या सदऱ्यात ठेवलेल्या पैशांतले दोनशे रुपये मुलानं काढले. संध्याकाळी ते लक्षात आलं तेव्हा वडिलांनी गोठ्यामागच्या ढिगातून तुऱ्हाटी, म्हणजे तुरीची वाळलेली काडी, उपसली आणि मुलाला झोडपलं. पोटऱ्यांवर वळ उठले. त्या रात्रीपासून मुलगा आजीच्या अंथरुणात झोपतो, वडिलांशी बोलत नाही, शेतात येत नाही. बायको म्हणते, पुन्हा हात लावाल तर पोराला घेऊन माहेरी जाईन. आबा म्हणतात, "म्या तुले झोडपलं म्हणून तू माणूस झाला." शाळेतल्या नव्या सरांनी पालकसभेत मारणं हा गुन्हा आहे असं सांगितलं, त्याचाही या वडिलांना राग आहे. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "माह्या पोराले मी मारू नये हा कायदा कोणता? थोडं मारलं तं काय बिघडते? अन् मारायचं नाही तं मंग चोरी केली म्हणून त्याची आरती ओवाळू काय?"

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चार पानं भरून लिहिलंय तुम्ही, आणि रात्री सगळे झोपल्यावर लिहिलंय असंही त्यात आहे. पोराची काळजी नसलेला बाप रात्री जागून चार पानं लिहीत नाही. त्यामुळे तुम्ही वाईट बाप आहात का, हा तुमच्या शेवटच्या ओळीतला प्रश्न मी बाजूला ठेवते. त्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

पत्रात औषधाची किंमत आहे. आबा काय बोलले, सर काय बोलले, पोराची आई काय बोलली, सगळं आहे. एक गोष्ट मात्र नाही. त्या दोनशे रुपयांचं पोरानं काय केलं? तुम्ही एका ओळीत उरकलंय: "मोबाईलच्या गेमात घातले असं त्याचा दोस्त सांगते." दोस्त सांगतो. म्हणजे पोराच्या तोंडून तुम्ही ते अजून ऐकलेलंच नाही. आणि या गोष्टीला आठ दिवस होऊन गेले.

तुम्हाला खिंडीत गाठायला हे लिहीत नाही. मार सुरू झाला की असंच होतं. "काहून घेतले बे पैसे?" असं तुम्ही नक्कीच ओरडून विचारलं असेल. पण काडी हातात घेऊन विचारलेल्या प्रश्नाला पोरगं उत्तर देत नाही, काडी कुठून येते तेवढंच ते पाहत असतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटतं, झालं, विषय संपला. पैसे गेले, मार मिळाला, हिशेब बरोबर. आणि ते पैसे घ्यावेसे का वाटले हे बापाला कधीच कळत नाही.

आता "थोडं मारलं तर" या शब्दांकडे येते. तुम्हीच लिहिलंय की मनात दोनच फटके होते. मग वळ कसे उठले? त्याचंही उत्तर तुमच्या पत्रात आहे: "रडला नाही म्हणून आणखी डोक्शात राग गेला." भाऊ, ही ओळ लिहायला धीर लागतो, आणि माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा इथंच आहे. औषध मोजायला तुमच्याकडे माप असतं, पंपाला किती मिली ते ठरलेलं असतं. मारायला माप नसतं. पोरगं रडलं तर "नाटकं करतो" म्हणून एक जास्त, नाही रडलं तर "मुजोर झाला" म्हणून एक जास्त. "थोडं" कुठं संपतं हे त्या वेळी हातच ठरवतो, आणि हात तर रागात असतो.

दुसरं म्हणजे, त्याच दिवशी सकाळी कृषी केंद्रवाल्यानं तुमची उधारी बंद केली होती. हे तुम्ही पहिल्या पानावर लिहिलंय आणि मार तिसऱ्या पानावर, मधे काही संबंध नसल्यासारखा. पण सकाळी दुकानात चार लोकांसमोर मान खाली घालून परत आलेला माणूस संध्याकाळी सदरा चाचपतो आणि पैसे कमी भरतात, तेव्हा त्या काडीत सकाळचंही बरंच काही उतरतं. माझं ऐकणाऱ्या प्रत्येक आई-बापाला मी एक काम सांगते: मागचे तीन-चार मार आठवा, आणि त्या दिवशी घरात आणखी काय घडलं होतं तेही आठवा. बोंडअळी दिसली होती, बँकेचा माणूस येऊन गेला होता, जिनिंगवर भाव पाडून मिळाला होता, सासू-सुनेचं वाजलं होतं. पोराची चूक तीच असते, एरवी आपण ती हसून सोडलेली असते.

आबांचं म्हणणं मी हलकं धरत नाही. "मार खाऊन माणूस झालो" हे आपल्याकडे प्रत्येक पारावर ऐकू येतं, आणि म्हणणारे खरंच कष्टाळू, सरळ माणसं असतात. पण जरा आठवून पाहा. लहानपणी बकरी हरवली म्हणून आबांनी मारलं होतं आणि तुम्ही रात्रभर कडब्याच्या गंजीत लपून राहिला होता, हे तुम्ही लिहिलंय. त्या रात्रीतून काय शिकलात? तुमचंच वाक्य आहे, "आबा झोपल्याशिवाय घरात जायचं नाही." बकरी कशी सांभाळायची ते त्या रात्री शिकला नाहीत. आणि तिफणीमागं चालायला कोणी शिकवलं? बियाणं मुठीतून सोडायचं कसं, आभाळ पाहून पेरणी कधी थांबवायची? आबांनीच. हात धरून, तासागणिक. तुम्ही माणूस झालात ते आबांमुळेच, पण त्यांनी मारलं त्यामुळे झालात की त्यांनी शेजारी चालवलं त्यामुळे, हे दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून मिळाल्यानं एकमेकांत मिसळून गेलंय. आणि ज्यांना त्याच माराने घर सोडायला लावलं, दारूकडे नेलं, कायमचं बुजवून टाकलं, ते पारावर बसून "आम्ही माणूस झालो" असं सांगायला येत नाहीत.

यावर अभ्यासही खूप झालाय. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं, आणि घरात मारणारे बहुतेक वेळा आई-वडीलच होते. म्हणजे तुमचं घर काही वेगळं नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी पंच्याहत्तर अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांत एक लाख साठ हजारांवर मुलं होती, आणि वळ उठवणारा मार नव्हे, साध्या चापटीच त्यांनी धरल्या होत्या. पोरं जास्त ऐकू लागली असं त्यातून निघालं नाही. मारामारी, बेशिस्त वागणं, मनाची उदासी आणि आई-वडिलांशी दुरावा, हे मात्र माराबरोबर वाढलेलं दिसलं. दुसरी बाजूही सांगते. काही अभ्यासक म्हणतात की खोडकर पोरंच जास्त मार खातात, मग मारामुळे पोर बिघडलं की बिघडलेल्या पोराला मार पडला हे कसं ठरवायचं? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याच मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणारे अभ्यास झाले, आणि त्यांतही मार वाढला तसा त्रास पुढं वाढलेला दिसला. एका चापटीनं आयुष्य वाया जातं असं कुणी शहाणा माणूस म्हणत नाही. पण चापटीनं पोर सुधारतं, याचा पुरावा मात्र इतकी वर्षं शोधूनही मिळालेला नाही.

कायद्याचं विचारलंत, तर तुमचे सर बरोबर बोलले, फक्त त्यांनी शाळा आणि घर वेगळं करून सांगायला हवं होतं. शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. घराचं गणित जरा गुंतागुंतीचं आहे. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकानं सद्‌हेतूनं केलेल्या गोष्टीला जुन्या दंड विधानाच्या कलम ८९ मध्ये काही संरक्षण होतं, आणि तेच आता भारतीय न्याय संहितेत कलम २७ म्हणून आलंय. त्यालाही मर्यादा आहेत. दुसरीकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच त्याला मारहाण करून विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास दिला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आई-बाप यातून सुटत नाहीत. चापटीसाठी कुणी पोलीस पाठवत नाही, पण पोटऱ्यांवरचे वळ घेऊन पोर शाळेत गेलं आणि सरांनी १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला, तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

घरातला मारही पूर्ण बंद करणारा पहिला देश स्वीडन, १९७९ साली. त्यानंतर साठहून जास्त देशांनी तसे कायदे केले. मला स्वीडनच्या कायद्यातली एक गोष्ट आवडते: आई-बापांना तुरुंगात टाकणं हा त्याचा हेतूच नव्हता, त्या कलमात शिक्षा लिहिलेलीच नव्हती. लोकांना कळावं म्हणून दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली, म्हणजे सकाळी चहाच्या वेळी घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती यावी. तुमच्या सरांनी पालकसभेत "गुन्हा" हा एकच शब्द वापरला असेल तर तुमचं बिनसलं यात नवल नाही. पण सर चुकीचं सांगत नव्हते, आणि तुमच्या पोराच्या शाळेत कुणी काडी उगारत नाही याचं समाधान माना.

आता माझं सांगते. मी बावीस वर्षं खेड्यातल्या शाळांत शिकवलं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतरचे दिवस होते. चौथीतली एक मुलगी सलग चार दिवस गणितं न करता येत होती. पाचव्या दिवशी मी तिला हात पुढं करायला लावले आणि पट्टीनं दोन मारल्या. तिनं हात मागं घेतला नाही, आवाजही केला नाही. मग मी तिच्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या टोकांना बारीक चिरा पडलेल्या, नखांच्या कडांना रक्त सुकलेलं. तुम्हाला सांगायला नको, वाळलेल्या बोंडाची टोकं कशी असतात ते. पहाटे आईसोबत कापूस वेचायला जाऊन, दहा वाजता ती शाळेत येत होती आणि सुटल्यावर पुन्हा जात होती. चार दिवसांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की गणितं का होत नाहीत. "आळशी झाली" असं ठरवून मोकळी झाले होते. त्या हातांवर मी पट्टी मारली. पुढच्या एकोणीस वर्षांत एकदाही नाही मारली, पण ते दोन फटके काही परत घेता आले नाहीत. ती मुलगी आज कुठं आहे मला माहीत नाही. कापसाच्या दिवसांत कुणाचेही हात पाहिले की मला ती आठवते.

सेवाग्राम तुमच्यापासून लांब नाही. तिथं ज्यांची कुटी आपण पाहायला जातो त्या गांधीजींनीही एकदा पोराला मारलं होतं. दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर. सतरा वर्षांचा दांडगा मुलगा, सगळ्यांशी भांडणारा, खोटं बोलणारा. गांधीजींनी जवळची पट्टी उचलली आणि त्याच्या दंडावर मारली, आणि मारताना त्यांचाच हात थरथरत होता. मुलगा रडला, माफी मागितली. तो फटक्याच्या दुखण्यानं रडला नाही, त्याच्यात उलटून मारायची ताकद होती, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. पण तो सुधारला म्हणजे मी बरोबर केलं, असं ते म्हणाले नाहीत. वर्षांनंतरही त्यांना त्याचा पस्तावा राहिला, कारण त्या फटक्यात राग होता आणि शिक्षा करायची इच्छा होती. त्यानंतर त्यांनी कधी मारलं नाही. पुढं १९३७ साली वर्ध्यातच त्यांनी नई तालीमची कल्पना मांडली, हातानं काम करत करत शिकायची.

तुमच्या पत्रात एक ओळ अभिमानाची आहे, तुम्ही सहज लिहून गेलात: "माह्या बैलायले मी कधी तुतारी (टोचायची काठी) लावत नाही, नुसत्या आवाजावर चालतात." मी या ओळीपाशी बराच वेळ थांबले. भाऊ, तो गोऱ्हा तुम्ही तयार कसा केला? मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपला असेल. पहिल्या दिवशी चार ओळी, दुसऱ्या दिवशी सहा, ऊन चढायच्या आत सोडला असेल. आणि डवऱ्याला जुंपलेला बैल मधेच थांबला तर तुम्ही आधी काय करता? जू उचलून खांदा पाहता, सोलला का. पाय उचलून खूर पाहता, काटा गेला का. तुम्ही तुतारी शोधत नाही, कारण तुम्हाला माहीत आहे की बैल उगीच थांबत नाही, आणि टोचत राहिलं तर एक दिवस तो मारका होतो. पोरगं म्हणजे बैल नाही, त्याला हाकायचं नसतं, त्यानं एक दिवस स्वतःच्या वाटेनं चालावं हाच आपला हेतू असतो. पण थांबलेल्या बैलाला जेवढं विचारता, तेवढं तरी पोराला विचारायला काय हरकत आहे?

आता "आरती ओवाळू काय" याकडे. नाही. चोरी ही चोरीच आहे, आणि त्याला काही झालंच नाही असं सोडून देणं हेही चूक. मार थांबवा म्हटलं की लोकांना वाटतं आता पोराला मोकाट सोडायला सांगतात. उलट आहे. मार दोन मिनिटांत उरकतो, पोराला वळण लावायचं म्हणजे महिनाभर रोज त्याच्या मागं थोडं थोडं राहावं लागतं. हे जास्त कष्टाचं आहे, म्हणूनच आपण ते टाळतो.

पहिलं काम, तुम्ही त्याच्याजवळ जाऊन बोलायचं. तो येईल याची वाट पाहू नका, अकरा वर्षांचं पोर आणि त्याचा बाप यांच्यात पहिलं पाऊल बापानं टाकायचं असतं. लांबलचक भाषण नको. एवढंच पुरे: "मी तुले झोडपलं ते माहं चुकलं. तू पैसे घेतले ते तुहं चुकलं. दोन्ही आपण नीट करू." पोरासमोर चूक कबूल केली तर वचक जाईल, असं आबा म्हणतील. माझा अनुभव असा की ज्या घरात बाप चूक कबूल करतो त्या घरात पोरं खोटं कमी बोलतात, कारण चूक सांगितल्यावर आभाळ कोसळत नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं. "पण तू असं केलंस म्हणूनच मी मारलं" हे शेपूट मात्र जोडू नका. त्या शेपटानं सगळं पुसलं जातं.

मग विचारा, आणि गप्प बसा. खरंच गेममध्ये घातले असतील तर कुणाच्या मोबाईलवर, पैसे कुणी भरून दिले, हे कळेल, आणि गावातल्या त्या दुकानदाराशी किंवा दोस्ताच्या बापाशी तुम्हाला बोलावं लागेल. पण दुसरंही काही निघू शकतं. माझ्या ओळखीच्या एका घरात पोरगं आठवडाभर पैसे काढत होतं, कारण शाळेच्या वाटेवर मोठी पोरं मागत होती आणि नाही दिले तर दप्तर नाल्यात फेकत होती. त्याला दोनदा मार बसला, दोन्ही ठिकाणी, घरीही आणि वाटेवरही. ते कळायला तीन आठवडे गेले.

मग भरपाई. दोनशे रुपये त्यानंच परत करायचे. तान्हा पोळा आलाय. लाकडी बैल घेऊन पोरं घरोघर फिरतील, बोजारा म्हणून पैसे मिळतील. त्यातले अर्धे तो तुमच्या हातात देईल असं त्याच्याशी ठरवा, सगळे घेऊ नका, वर्षातून एकदा मिळतात ते. उरलेले आठवड्याच्या खाऊच्या पैशांतून दहा-दहा करून. भिंतीवर कोळशानं किंवा वहीत हिशेब त्याच्या हातानं लिहू द्या. दोनशे फिटले की तो विषय त्या घरात पुन्हा कधी निघणार नाही, हेही तुम्ही त्याला सांगायचं आणि पाळायचं. भरपाई म्हणून शेतातलं जड काम लावू नका, आणि फवारणीच्या जवळपास तर त्याला फिरकू देऊ नका, कुठल्याही कारणासाठी.

काडी गेली आणि जीभ आली, असंही होऊ देऊ नका. काही घरांत मार थांबतो आणि टोमणे सुरू होतात. पाहुण्यांसमोर "पैसे सांभाळून ठेवा, आमच्यात चोर आहे," असं बोललेलं वळापेक्षा जास्त दिवस राहतं, आणि खेड्यात तर नावच पडतं. जेवण बंद करणं, घराबाहेर उभं करणं, हेही नको.

रागाचं काय? राग येणारच, शेतकऱ्याचं घर आहे, राग यायला कारणं भरपूर आहेत. तुमच्यासाठी एक नियम सुचवते, मी तो बऱ्याच घरांत चालताना पाहिलाय. संध्याकाळी काही उघडकीला आलं तर संध्याकाळी निकाल द्यायचा नाही. "उद्या सकाळी चहा झाल्यावर बोलू" एवढं म्हणायचं आणि गोठ्यात जायचं, वैरण टाकायची, रांजणातलं पाणी तोंडावर मारायचं. पोराला ती रात्र काढणं सोपं जात नाही, विश्वास ठेवा. पण सकाळी चहा झाल्यावर बोलायचं म्हणजे बोलायचंच. दोनदा विसरलात की तिसऱ्यांदा त्या नियमाला कुणी विचारणार नाही.

तुमच्या बायकोनं माहेरी जायची गोष्ट काढली, त्यावर तुम्ही चिडला आहात. मी त्यांच्या बाजूनं आहे. मात्र त्यांनाही एक सांगते, आणि हे वाचणाऱ्या सगळ्याच आयांना: दिवसभर पोरानं ऐकलं नाही की "येऊ दे तुह्या बापाले" असं म्हणायचं थांबवा. त्यामुळे बाप दारात आला की पोराच्या पोटात गोळा येतो, आणि बापाला घरात पाय ठेवल्या ठेवल्या हवालदाराचं काम मिळतं. जे झालं ते त्या वेळी, तिथंच, आईनं बोलून मिटवावं. आणि शाळेत जाऊन "गुरुजी, डोळे सोडा, बाकी झोडा" असं सांगून येणारे जे पालक आहेत, त्यांनी ते सांगू नये. गुरुजींनी ऐकलं तर नोकरी गुरुजींची जाईल, आणि शाळा सोडेल ते तुमचं पोर.

आबांशी वाद घालू नका. त्यांना सांगा की तुम्ही मला तिफणीमागं चालवलं तसं मला याला चालवायचंय. त्यांना काम द्या. दोनशेंच्या हिशेबाची वही आबांकडे ठेवली तर आबा ती कुणापेक्षा चोख सांभाळतील.

एक गोष्ट मी प्रत्येक शेतकरी घराला सांगते, ती तुम्हालाही. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली पोरांच्या हाती लागणार नाही अशी. अपमान झालेलं, मार खाल्लेलं, दहा-पंधरा वर्षांचं पोर एका क्षणात काय करून बसेल सांगता येत नाही, आणि आपल्या भागात औषध हाताच्या अंतरावर असतं. पोरगं आठ दिवस बोलत नाही, नीट जेवत नाही, असं लिहिलंत म्हणून हे आज मुद्दाम लिहितेय. आणि उधारी, कर्ज, पिकाची काळजी यांनी तुमच्या स्वतःच्या डोक्याला शांतता नसेल, झोप लागत नसेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर बोलता येतं, मराठीत, पैसे न भरता. मन मोकळं करण्यात कमीपणा नाही. तुम्ही मला लिहिलंत तेही तेच होतं.

पोळा आठ दिवसांवर आहे. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असेल. दरवर्षी पोरगं तुमच्यासोबत असतं, यंदा येणार नाही अशी भीती तुम्ही लिहिलीय. हाक मारा त्याला. लगेच नाही आला तर हळद-लोण्याची वाटी त्याच्याजवळ ठेवा आणि तुम्ही कामाला लागा. एका खांद्याला तुम्ही चोळा, दुसरा त्याच्यासाठी ठेवा. बैलाच्या कानात "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" त्यालाच म्हणू द्या. त्या वेळी दोघांचे हात कामात असतात, एकमेकांच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही, बोलणं सोपं जातं. दोनशे रुपयांचं तेव्हाच विचारा. आणि तो काय म्हणाला, ते मला कळवा.